चौथ्या तुकड्याचा कोपरा

सर बायोप्सीची बाटली शर्टाच्या खिशात घालून आले होते. आमच्या भागात दुर्बिणीने आतडं तपासून झालं की काढलेले तुकडे बाटलीत घालून डॉक्टर ती पेशंटच्याच हातात देतात आणि सांगतात, लॅबमध्ये नेऊन द्या. सरांनी ती रुमालात गुंडाळली होती. कणकवलीच्या एस.टी. स्टँडपासून माझी लॅब चालत पाच मिनिटांवर, पण तेवढ्यात त्यांना दोनदा टेकावं लागलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी बाटली काउंटरवर ठेवून ते एवढंच म्हणाले, "हो घे बाय, माझो पेपर. तपास."

सर म्हणजे आचऱ्याला आठवी ते दहावी आम्हाला गणित शिकवलेले सर. निवृत्त होऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती. वर्गात ते पुस्तकातल्यासारखी शुद्ध मराठी बोलायचे आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की मालवणी. सात-आठ महिने शौचातून रक्त पडत होतं. मूळव्याध समजून त्यांनी काढे घेतले, ताक प्यायले, मिरची सोडली. शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्यांना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीत मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली.

पुढचं सांगण्याआधी तिच्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, सरांनी माझ्याच बाकावर बसवलेली. ती पहिली यायची आणि मी दुसरी. पाचवीपासून दहावीपर्यंत ह्यात एकदाही बदल झाला नाही. नववीत एकदा सरांनी भूमितीचा एक रायडर, म्हणजे अवघड उदाहरण, घातला. मी हात वर केला आणि फळ्याजवळ जाऊन सोडवला. अर्धा फळा भरला, पण उत्तर बरोबर आलं. सर म्हणाले, "बरोबर. आणखी कोणी?" ती उठली आणि चार ओळींत सोडवून मोकळी झाली. जागा पुरत नव्हती म्हणून सरांनी डस्टर घेऊन माझ्या ओळी पुसल्या आणि तिच्या चार ओळी मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिल्या. "असं बघायचं असतं," ते वर्गाला म्हणाले. खडूची पूड माझ्या हाताला तशीच होती. मी ती फ्रॉकला पुसली नाही. का कोण जाणे, सुटी होईपर्यंत मी तो हात तसाच धरून बसले होते.

दोघी डॉक्टर झालो. मी पॅथॉलॉजी घेतली तेव्हा ती आधीच त्या विषयात होती. गावात सगळे म्हणाले, मी तिचं बघून घेतलं. खरं म्हणजे माझ्या मार्कांना जे मिळत होतं ते मी घेतलं. तिने मुंबईला एम.डी. केलं, मी दोन वर्षांचा डिप्लोमा करून परत आले. आज ती गोव्यात एका मोठ्या हॉस्पिटलात आहे आणि मी कणकवलीत रक्त, लघवी तपासते आणि आठवड्याला पाच-सहा बायोप्सी बघते. मी माझं काम मनापासून करते. ह्या भागातले डॉक्टर माझ्या रिपोर्टवर विश्वास ठेवतात. पण तिचं नाव कुठे निघालं की मी लगेच विषय बदलते, हे माझ्या लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनाही ठाऊक आहे.

तर सरांची बायोप्सी. चार तुकडे होते, तांदळाच्या कणीएवढे. मेणाच्या ठोकळ्यात बसवून, पातळ काप काढून, रंग देऊन टेक्निशियन बाईंनी स्लाइड माझ्यासमोर ठेवली. आतड्याच्या अस्तरात ग्रंथी असतात, एकीशेजारी एक, ओळीने लावलेल्या नळकांड्यांसारख्या. सरांच्या तुकड्यांत त्या ग्रंथी वेड्यावाकड्या, एकमेकींत घुसलेल्या दिसत होत्या. असं मी अनेकदा पाहिलं होतं. मोठ्या आतड्याचा नेहमी आढळणारा कर्करोग. चौथ्या तुकड्याच्या कोपऱ्यात काळपट पेशींचा एक पुंजका होता, चेंगरल्यासारखा. तुकडा काढताना चिमटा जोरात बसला तर पेशी अशा चिरडतात. मी तसंच समजले आणि स्लाइड पुढे सरकवली. रिपोर्ट लिहिला, सही केली.

सर रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. ऑपरेशन करावं लागेल, पण वेळेत कळलंय, असं सांगितलं.

"नक्की आसा ना ह्या?"

"नक्की, सर."

"बेस," ते म्हणाले आणि रिपोर्टची घडी घालून उठले. दारात थांबून त्यांनी माझ्या लॅबची पाटी वाचली, माझ्या नावापुढची पदवी वाचली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्या दिवशी फार खूश होते. माझ्या सरांना कर्करोग झाल्याचं मी स्वतः लिहून दिलं होतं आणि तरी खूश होते.

काकींचं माहेर गोव्याचं, त्यामुळे ऑपरेशन तिकडे झालं. नेमकं ती असते त्याच हॉस्पिटलात. आतड्याचा काढलेला भाग तपासणीला तिच्या टेबलावर गेला. फॉर्मवरचं नाव आणि गाव वाचून ती उठून थेट वॉर्डात सरांना भेटायला गेली म्हणे. हे मला सरांनीच फोनवर सांगितलं, दोनदा सांगितलं.

ऑपरेशनला तीन आठवडे झाल्यावर मी शनिवारी आचऱ्याला सरांना बघायला गेले. ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते. काकींनी कोकमाच्या आगळाचं सरबत दिलं. बाहेरच्या खोलीत शोकेस आहे. त्यात सरांच्या मिळालेल्या शाली, नारळाच्या करवंटीचं गलबत आणि एक फोटो. दहावीच्या सत्काराचा. सर तिच्या हातात बक्षीस देताहेत. मी त्या फोटोत आहे, मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्यामागून अर्धा चेहरा. त्या घरी गेल्यावर तो फोटो बघायचा नाही असं मी दरवेळी ठरवते आणि दरवेळी बघते.

सरांनी गोव्याचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. "वाच आणि आमका सांग. ह्यात दोन रोग लिवलेत."

मी वाचला. गाठ एक होती, पण दोन जातींची. एक भाग मी लिहिला होता तोच, ग्रंथींचा. दुसरा भाग वेगळा. आतड्यात हार्मोन बनवणाऱ्या तुरळक पेशी असतात, त्या जातीचा कर्करोग. त्याला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. एकाच गाठीत दोन्ही आणि दोन्ही चांगल्या मोठ्या प्रमाणात असले, निदान तीस-तीस टक्के तरी, तर तिला मिश्र गाठ म्हणायचं. पुस्तकात मी हे वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या आतड्यात तर ही फारच क्वचित. आणि त्यातला दुसरा भाग सरांच्या गाठीत उग्र प्रकारचा होता, भराभर वाढणारा. अशा वेळी औषध त्या उग्र भागाला बघून ठरवतात. म्हणजे माझ्या रिपोर्टवरून जी केमो दिली गेली असती, ती ह्याला चालली नसती.

रिपोर्टच्या खाली तिची सही होती. शाळेतल्यासारखीच, उजवीकडे कललेली.

"तिना शोधून काढल्यान," सर काकींना म्हणाले. आवाजात कौतुक होतं. आपल्याच पोटातल्या रोगाबद्दल बोलताना माणसाच्या आवाजात इतकं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. "पयल्यापासून तिची नजर बारीक."

मी सरबताचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, घाई नको करूया. असं निदान फार क्वचित होतं. कधी कधी पेशी तशा दिसतात आणि नसतात. मी माझ्या स्लाइड पुन्हा बघते. एवढं जड औषध सुरू करायच्या आधी खात्री झालेली बरी."

हे बोलताना मला पक्कं माहीत होतं की माझ्याकडे गाठीच्या पृष्ठभागाचे चार कण आहेत आणि तिच्यासमोर आख्खी गाठ होती, आडवी, उभी कापून बघितलेली. चार कणांवरून आख्ख्या गाठीवर शंका घेता येत नाही. हे शिकाऊ डॉक्टरलाही कळतं.

"सोमवारी थंय बोलवलां आसा मा?" काकी म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगतंस तर मी रवतंय," ते म्हणाले. त्यांनी माझ्यादेखत गोव्याच्या हॉस्पिटलात फोन करून सोमवारची वेळ पुढे ढकलली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आम्ही पाच-सहा वर्षांनी बोलत होतो.

"अगो, कशी आसस? सरांच्या बायोप्सीचो ब्लॉक तुज्याकडे आसा ना? माका जरा बघूक व्हयो. आधीच्या तुकड्यात दुसरो भाग दिसता काय, ता बघूचा आसा."

ती मालवणीत बोलत होती, शाळेच्या वाटेवर बोलायची तशी. मी मुद्दाम प्रमाण मराठीत उत्तर दिलं. "शोधावा लागेल. लॅबची मांडणी बदललीय. बघते आणि कळवते."

ब्लॉक, म्हणजे तुकडे बसवलेला तो मेणाचा ठोकळा, माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होता. फोनवर बोलताना माझा हात त्या खणावरच होता.

नंतरचे चार दिवस मी त्या स्लाइडला हात लावला नाही. पेशंट बघत होते, थायरॉइडचे, डेंग्यूचे रिपोर्ट देत होते, आणि मनात तिच्या रिपोर्टातली चूक शोधत होते. कोणता रंग वापरला? किती टक्के धरले? मोठ्या हॉस्पिटलात सगळं असतं, महागडे रंग असतात, विचारायला दहा लोक असतात; मग दिसणारच. माझ्यासारखं एकटीने एका मायक्रोस्कोपवर बसून दाखव. असं मी टेक्निशियन बाईंनाही बोलून दाखवलं. त्या नुसत्या काचा पुसत राहिल्या.

पाचव्या दिवशी दुपारी, काउंटरवर कोणी नसताना, मी स्लाइड लावली. थेट चौथ्या तुकड्याच्या कोपऱ्यावर गेले. तोच काळपट पुंजका. पण आता मी कडेकडेने बघितलं, जिथे चिमटा बसला नव्हता तिथे. पाच-पंचवीस पेशी धड होत्या. गोल, दाटीवाटीने बसलेल्या, ग्रंथी बनवायचं नाव नाही. केंद्रक बारीक दाण्यांनी भरलेलं. दोन पेशी दुभंगत होत्या. मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

त्यानंतरही मी तिला फोन केला नाही. मी ब्लॉक कोल्हापूरच्या एका लॅबला पाठवला, त्या जातीच्या पेशी ओळखायचे खास रंग करून घ्यायला. माझ्याकडे ते रंग नाहीत. तिच्याकडे आहेत. एक दिवसात झालं असतं. कोल्हापूरहून यायला नऊ दिवस लागले. मी स्वतःला सांगत होते, स्वतंत्रपणे तपासणं हे शास्त्राला धरूनच आहे. पण खरं कारण एकच होतं. ती बरोबर आहे हे मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

स्लाइड आली. ग्रंथी निळ्या-फिक्या राहिल्या होत्या आणि चौथ्या तुकड्याचा कोपरा तपकिरी झाला होता. शंकेला जागाच नव्हती.

त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. "सर, गोव्याचा रिपोर्ट बरोबर आहे. उद्याच जायला हवं. मी येते तुमच्याबरोबर."

"तुज्या स्लाइडीत पण दिसला?"

"दिसलं, सर."

"मगे बरा झाला," ते म्हणाले. "दोगांचा उत्तर एकच इला."

मी गोव्याला गेले. काकी आणि सर कर्करोगाच्या डॉक्टरांकडे बसले आणि मी खाली तिच्या विभागात गेले. तिच्या टेबलावर दोन माणसांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप होता. मला असा घ्यायचा होता, कित्येक वर्षं. तिने खुर्ची ओढून मला समोर बसवलं. आधी तिने सरांची मोठी गाठ दाखवली. वरच्या अंगाला ग्रंथी, खाली स्नायूत शिरलेले त्या गोल पेशींचे लादीसारखे थरावर थर, आणि मधे एक पट्टा जिथे दोन्ही एकमेकांत मिसळलेले. तिचा दाखवायचा बाण भिंगात जिथे थांबायचा तिथेच माझी नजर आधी गेलेली असायची, आणि मला त्याचाही आनंद होत नव्हता. मग मी माझी स्लाइड दिली. तिने बराच वेळ बघितली.

"ह्यावरसून माका पण सांगूक इला नसता," ती म्हणाली. "केवढोसो आसा बघ. चेंगरलेलो. तुजी चूक नाय गो."

ती खोटं बोलत नव्हती. मला ते कळत होतं. पण तिने मला धुडकावलं असतं, टोमणा मारला असता, तर मला बरं वाटलं असतं. ती तेवढीही जागा देत नव्हती.

"ब्लॉक गावलो खंय?" तिने विचारलं.

"टेबलाच्या खणात," मी म्हणाले. तिने मान वर केली. काही क्षण माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. त्या वेळेपासून मी तिच्याशी मालवणीत बोलायला लागले. मला वाटतं, त्या खोलीत मी केलेली तेवढी एकच बरी गोष्ट.

सरांची केमो सुरू झाली. ठरल्यापेक्षा अठरा दिवस उशिरा. केस गेले, तोंड आलं, भाताचा वास सहन होईना. काकी पेज करून वाटीत घालून तासातासाला द्यायच्या. चार वेळा औषध झालं आणि स्कॅन साफ आला. सर पुन्हा बाजारात दिसू लागले. तिने त्यांची केस एका परिषदेत मांडली. मला फोन करून विचारलं, "तुजा नाव घालू काय? बायोप्सी तुजी." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून घाल म्हटलं. परिषदेच्या पुस्तिकेत माझं नाव दुसरं छापून आलं. मी ते पान किती वेळा उघडून बघितलं, ते सांगायची लाज वाटते. आणि प्रत्येक वेळी नजर आधी वरच्या नावावर गेली.

ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात सरांच्या यकृतात एक डाग दिसला. त्याचा तुकडा तिनेच तपासला. त्यात फक्त उग्र भाग होता, ग्रंथींचा लवलेश नाही. तिने मला कळवलं. अठरा दिवस. मी त्या आकड्यातून पुढचे कितीतरी दिवस बाहेर आले नाही.

शेवटी मी आचऱ्याला गेले. सर पडवीत होते, काकी दारात. मी बसले, काकींनी दिलेलं पाणी प्यायले आणि काही न लपवता सांगितलं. मी तुम्हाला थांबवलं तेव्हा मला माहीत होतं की तिचा रिपोर्ट खरा असणार. तिने ब्लॉक मागितला तेव्हा तो माझ्या खणात होता आणि मी शोधावा लागेल म्हटलं. तिने शोधलं आणि मी नाही शोधलं, हे मला सहन झालं नाही.

सरांनी अंगणातल्या सुपारीकडे बघत विचारलं, "तेवढ्या दिसांनी फरक पडलो काय?"

"सांगता येत नाही, सर. पडला नसेलही. पडला असेलही. कोणालाच सांगता येणार नाही."

"तिका खबर आसा?"

"मी सांगितलं नाही. पण तिला कळलंय असं वाटतं."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. "मी तुमका दोगींका एका बाकावर बसवूक नको होता," एवढं बोलले आणि डोळे मिटून पडून राहिले. काकी माझ्यासमोरचा रिकामा पेला घेऊन आत गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर सरांचा एकही रिपोर्ट माझ्याकडे आला नाही. साधं हिमोग्लोबिन तपासायचं असलं तरी ते दुसऱ्या लॅबमध्ये जायचे आणि आलेला कागद मोबाइलवर तिला पाठवायचे. हे मला त्या लॅबवाल्यानेच सांगितलं. मला राग यायचा हक्क नव्हता आणि तरी आला. सरांवर नाही. तिच्यावर.

सर त्यानंतर नऊ महिने जगले. शेवटचे दीड महिने अंथरुणावर. मी दोनदा गेले. एकदा ते झोपले होते, एकदा त्यांनी ओळखलं आणि लॅब कशी चाललीय ते विचारलं.

बाराव्याला आम्ही दोघी गेलो, वेगवेगळ्या. पंगत उठल्यावर मागच्या पडवीत बायका बसल्या होत्या. काकींनी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सर शेवटपर्यंत तिची आठवण काढत होते असं सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवलंस मा?" मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाईशी बोलायला लागल्या. त्यांनी मला त्या घरात येऊ दिलं, पंगतीत बसवलं, ह्याहून जास्त मी मागू शकत नव्हते. तरी तिच्या डोक्यावरचा तो हात मी मोजल्यासारखा बघत होते.

परतताना शेवटची एस.टी. चुकली. ती म्हणाली, "चल, माज्या गाडीतसून सोडतंय. कणकवलीवरसून हायवे धरीन." गाडीत ती आधी रस्त्याबद्दल, मग मुलांच्या परीक्षांबद्दल बोलली. एका वळणावर तिने अचानक गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. लहान मुलीसारखी, नाक ओढत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मला रडू येत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून तिचं रडणं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हिला सरांसाठी नुसतं रडता येतं. मला तेही येत नाही.

ती शांत झाली. रुमालाने डोळे पुसून म्हणाली, "सॉरी गो. निघूया."

"निघूया," मी म्हणाले. तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.